गाळ, तंगूस आणि होडीची वाट

गुरुवार

उन्हं कलता कलता आम्ही तळ्यावर पोहोचलो. एरवी गाडीतून आधी रॉड निघतात. या खेपेला काठाचा कचरा उचलायचा आणि होड्यांसाठी एक वाट बांधायची म्हणून फावडी, घमेली, पहारी, धुमस आणि जाड हातमोज्यांची गठडी निघाली. मंडळी सगळी ओळखीची: गळ टाकून तासन्‌तास काठावर बसणारे, छोट्या होड्या आणि कयाक घेऊन येणारे, आणि या पाण्याचा कानाकोपरा ठाऊक असलेले आमचे काका. तळ्याची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी आधीच हातात होती. माशांच्या विणीचा आणि पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ टाळूनच तारखा धरल्या होत्या. काठाची माती उकरायची तर या दोन गोष्टींत तडजोड करता येत नाही.

उजेड होता तोवर काठाने एक फेरी मारली. गाड्या थांबतात तिथून पाण्यापर्यंत नीट वाट अशी एकही नाही. त्यामुळे जो तो आपल्याला जमेल तिथून होडी ओढतो. पाणकणसाच्या पट्ट्यात अशा कितीतरी घळी पडल्यात. होडीच्या तळाखाली पाणकणीस आडवं होतं, पायांखाली मुळं उघडी पडतात, आणि पुढच्या पावसात तिथली माती सरळ पाण्यात जाते. घळीचा चिखल झाला की पुढचा माणूस चार हात बाजूने होडी ओढतो. झाली दुसरी घळ सुरू.

हे नुसतं दिसायला वाईट असतं तर एवढा खटाटोप केला नसता. काठालगतचं उथळ पाणी हा तळ्यातला सगळ्यात गजबजलेला भाग. लहान मासळी तिथेच लपते, तिथेच वाढते. कित्येक माशांची अंडी पाणवनस्पतींना नाहीतर तळाच्या स्वच्छ खड्यांना चिकटलेली असतात. त्यांच्यावर गाळाचा थर बसला की त्यांना प्राणवायू मिळत नाही. पाणी गढूळ राहिलं की ऊन तळापर्यंत पोहोचत नाही, तळाची झाडं मरतात, गाळ धरून ठेवणारं कुणी उरत नाही आणि पाणी आणखी गढूळ होतं. मासे कमी झाले म्हणून कुरकुरणाऱ्या आम्हा लोकांचं लक्ष बहुतेक वेळा पाण्याच्या मध्यावर असतं. बिघाड मात्र पायाखाली सुरू झालेला असतो.

म्हणून कचरा उचलणं आणि होडीची वाट बांधणं हे माझ्या लेखी एकच काम आहे. एक वाट सोयीची करा, बाकीच्या घळी आपसूक ओस पडतील. माणसं एका जागी यायला लागली की कचऱ्यालाही एक जागा देता येते.

वाट कुठे करायची यावर अंधार पडेपर्यंत बोलणं चाललं होतं. गाड्यांपासून सगळ्यात जवळचा काठ बहुतेकांच्या मनात होता. पण लांबवर मोकळ्या पाण्यावरून येणारा वारा नेमका त्याच काठावर आदळतो. लाटा मोठ्या, आणि तरंगणारा सगळा कचराही तिथेच येऊन साठतो. काकांनी वल्हं घेतलं आणि काठाने तळ चाचपत निघाले. एका ठिकाणी वल्हं कोपरभर गाळात गेलं, दुसरीकडे हातभर. छोट्या टेकाडाच्या आडोशाला ते वीतभर जाऊन थांबलं. “इथं खाली टणक आहे. आणि वाराही नाही,” ते म्हणाले. तिथे पाणकणीसही आधीच मोडलेलं होतं, म्हणजे नवं काही तोडायची गरज नव्हती. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि झोपायला गेलो.

शुक्रवार

आजचा दिवस कचऱ्याचा. दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाने उचलायचं, दुसऱ्याने कागदावर नोंद करायची. नोंदीचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण ती सोडू नये असं मी आग्रहाने सांगतो. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर जी स्वयंसेवी सफाई झाली, तिथे लोकांनी उचललेली एकेक वस्तू लिहून काढली होती. त्यातूनच पुढे जगभर दरवर्षी होणारी किनारा-सफाई उभी राहिली. नुसत्या पिशव्यांचं वजन सांगून कुणाला काही कळत नाही. कुठल्या कोपऱ्यात काय पडतं हे कळलं तर ते पडू नये म्हणून काही करता येतं.

वाऱ्याच्या काठावर थर्माकोल होता. आमिषाचे डबे, बर्फाच्या पेट्यांचे तुकडे, गळाच्या दोराला पाण्यावर धरणाऱ्या जुन्या तरंगांचे चुरे. थर्माकोल हा सगळ्यात चिवट शत्रू. अख्खा तुकडा उचलायला जावा तर हातात निम्मा येतो आणि उरलेल्याचे दाणे लव्हाळ्यात पसरतात. माशांना ते अंड्यांसारखे दिसतात की काय कोण जाणे, पण तोंडात घेतात खरे. घरातली पिठाची चाळण घेऊन आलेल्या एका ताईंनी पाण्यावरचे दाणे गाळून काढायला सुरुवात केली. दुपारपर्यंत आणखी तिघांनी तशीच जाळी जमवली. सिगारेटची थोटकं वेगळी गोळा केली. त्यांचा फिल्टर कापसाचा वाटतो, पण तो सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या धाग्यांचा असतो.

हे सगळं कुणीही उचलू शकतं. तंगूस मात्र गळ टाकणाऱ्यालाच सापडतो. पारदर्शक नायलॉनचा तो दोर ओल्या गवतात दिसत नाही. तो कुठे असेल हे आधी मनात यावं लागतं: पाण्यावर झुकलेली फांदी, बुडालेल्या ओंडक्याची पाण्याकडची बाजू, खोल पाणी काठाला टेकतं तो खडक. जिथे मासा असणार असं वाटून आपण गळ टाकतो, तिथेच तो अडकतो आणि तिथेच तुटतो. म्हणून हे काम आपलंच आहे. दुसरं कुणी करील म्हणून थांबलो तर ते होणारच नाही.

खडकाजवळच्या एका झुडपापाशी मी आणि काका बराच वेळ होतो. एका फांदीवर तंगुसाच्या इतक्या पिढ्या गुंडाळल्या गेल्या होत्या की साल आत दबून फांदी वाळली होती. काम उरकायचं म्हणून दोर ओढायचा नाही, हे काकांनी आधीच बजावलं. ओढला की ताण सुटतो आणि टोकाचा गळ थेट डोळ्यांकडे येतो. आधी बोटांनी चाचपत गळाचं टोक शोधायचं, पक्कडीने त्याचा काटा मोडायचा, तो झाकणाच्या डब्यात टाकायचा, मग कात्रीने दोर थोडा थोडा कापत पुठ्ठ्यावर गुंडाळायचा. गंजलेले गळ, अर्धा तुटलेला लाल तरंग, शिशाचे मणी, माशाला भुलवायचा कुणाचा तरी नवाकोरा धातूचा चमचा. फांदीच्या बेचक्यात एक जुनं, रिकामं घरटं होतं. काड्यांमध्ये तंगूस व्यवस्थित विणलेला होता. पक्ष्याला तो मजबूत आणि हलका वाटला असणार, आणि तसा तो आहेच. पिल्लांचे पाय अशाच दोरात अडकतात आणि ती जसजशी वाढतात तसतसा फास आवळत जातो. कैकरासारख्या मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांत हे वारंवार आढळलं आहे. काकांनी घरटं हातात धरून त्यातला दोर काडी काडी मोकळी करत काढला आणि घरटं परत बेचक्यात ठेवलं.

नायलॉनचा हा दोर पाण्यात किती वर्षं टिकतो याचा जो अंदाज नेहमी दिला जातो तो ६०० वर्षांचा आहे. आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी मुद्दा तोच. नायलॉनचा शोध १९३० च्या दशकातला. पाण्याच्या तळाशी, उन्हाच्या आवाक्याबाहेर गेलेला पहिल्या पिढीतला दोरही अजून कुठे ना कुठे असणारच.

शिशाचे मणी आम्ही वेगळ्या बाटलीत ठेवले. कित्येक पक्षी दाणा दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, ते पोटातल्या पेषणीत राहतात. तळाचा शिशाचा मणी त्यांना खडाच वाटतो. पेषणीत तो झिजतो, विष रक्तात जातं आणि पक्षी अन्न पचवता न येऊन झुरत मरतो. ब्रिटनमध्ये १९८७ साली मासेमारीच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली ती हंस असे मरत होते म्हणून. त्यानंतर तिथल्या हंसांची संख्या सावरली. मला या गोष्टीत फार मोठा दिलासा वाटतो, कारण इतक्या छोट्या वस्तूचा इतका सरळ परिणाम क्वचित दिसतो. कथील, पोलाद, टंगस्टन यांची वजनं आज मिळतात. टंगस्टन तर शिशाहून कितीतरी जड, त्यामुळे मणी लहान राहतो आणि तळाचा अंदाज जास्त चांगला लागतो. संध्याकाळी शेकोटीभोवती हे बोलणं झालं तेव्हा दोघांनी आपापल्या पेटीतलं शिसं काढून त्याच बाटलीत टाकलं.

शनिवार

आज फावडी. सकाळी आधी उतार मोजला. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला येतं, गवंडी वापरतात तीच युक्ती. ट्रेलरवरून मोठ्या होड्या उतरवायच्या असतील तर साधारण १२ ते १५ टक्के उतार लागतो. कमी असला तर होडी तरंगायच्या आधी गाडीच पाण्यात शिरते. आमच्याकडे हातांनी उचलायच्या होड्या. त्यांना तेवढा उतार घसरडा होतो. आम्ही बारा हातांना एक हात असा धरला. चाकांची खुर्ची नेण्यासाठीही हाच उतार सुरक्षित मानतात, आणि आमच्यातल्या एका ताईंना आजवर कधीच पाण्यापर्यंत जाता आलं नव्हतं. त्या काठाच्या वरूनच गळ टाकायच्या आणि मासा लागला की दुसऱ्याने धावायचं. वाट कशी करायची हे त्यांना विचारूनच ठरवलं.

सिमेंट की खडी, हा वाद अपेक्षित होता. सिमेंटचं काम टिकतं, पण ते पाण्याखाली नीट ओतायचं तर आधी पाणी अडवून जागा कोरडी करावी लागते. शिवाय ओलं सिमेंट पाण्यात मिसळलं की पाणी तीव्र अल्कधर्मी होतं आणि माशांचे कल्ले जळतात. ज्यांच्यासाठी इतकं चाललंय त्यांनाच मारून वाट बांधायची? खडीवर एकमत झालं.

मऊ माती वीतभर खणून काढली. ती पाण्याच्या दिशेने टाकायची नाही, मागे रचायची, हे दर दहा मिनिटांनी कुणीतरी ओरडून सांगत होतं. काठाला आधी गाळ अडवणारं कापड उभं केलं होतं, तरी थोडंफार पाणी गढुळलंच. खणलेल्या जागेवर जिओटेक्स्टाइलचं जाड कापड अंथरलं. यातून पाणी जातं पण माती वर येत नाही. हे कापड नसेल तर पहिल्याच वर्षी खडी चिखलात गडप होते आणि लोक म्हणतात की खडीचा उपयोग नाही. कापडावर आधी मोठी खडी, तिच्यावर बारीक. फोडलेला, कंगोरे असलेला दगडच घ्यायचा, कारण तो एकमेकांत अडकून बसतो. नदीचे गोलगोल गोटे दिसायला सुंदर, पण पाय ठेवला की सरकतात. दर थर ओला करून धुमसाने चोपला. हा भाग सगळ्यात कष्टाचा. हातांना फोड आले, पण चोपलेल्या थरावर पाय आपटला की येणारा घट्ट आवाज ऐकून माणसं पुन्हा धुमस मागून घेत होती.

पाण्यात बुडणारं खालचं टोक हे अशा वाटेचं मर्म. लाटा आधी तिथलीच माती खातात. इंजिनच्या होड्यांच्या जागी तर लोक इंजिन चालू ठेवून होडी ट्रेलरवर चढवतात आणि पंख्याच्या झोताने टोकापाशी मोठा खड्डा पडतो. आमच्याकडे इंजिनं नाहीत, तरी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून टोकाला मोठे दगड एकमेकांत गुंतवून बसवले. काका वरून सांगत होते, पोरं खाली पायांनी दगड चाचपत होती. “हलतोय का?” “थोडा.” “मग काढ, उलटा बसव.” असं कितीतरी वेळ चाललं.

तिसऱ्या प्रहरी सर आली. सगळे आडोशाला पळाले, पण मला आणि आणखी दोघांना ती हवीच होती. वरच्या पायवाटेवरून पाण्याची धार थेट आमच्या नव्या वाटेवर उतरताना दिसली. कोरड्या दिवशी हे लक्षात आलं नसतं. पाऊस थांबताच वाटेच्या डोक्यावर तिरपी चर खणली, तिच्या खालच्या अंगाला दगड लावले आणि पाणी बाजूच्या गवतात वळवलं. गवतात पसरलं की पाण्याचा वेग मोडतो आणि माती तिथेच बसते. दुसऱ्या सरीला वाट जवळजवळ कोरडी राहिली, तेव्हा आडोशाला उभे असलेले सगळे टाळ्या वाजवत बाहेर आले.

रविवार

सकाळी घळी बुजवल्या. काथ्याचे लोड काठाला खुंट्यांनी बांधले, मागे कालची काढलेली माती भरली आणि वाटेच्या जागेतून जपून काढलेले पाणकणसाचे कंद त्यात लावले. काथ्या काही वर्षांत कुजून जातो. तोवर मुळं माती धरतात, म्हणजे मागे काढून टाकायला काहीच उरत नाही. बाहेरून रोपं आणायला मी ठाम नकार दिला होता. देखणी म्हणून आणलेली पाणवनस्पती काय करते हे जलपर्णीने जगाला दाखवलंय. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती फुलांसाठी देशोदेशी नेली गेली. अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत ती दुप्पट पसरते. आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात १९९० च्या दशकात तिने बंदरंच्या बंदरं अडवली होती.

होड्यांबाबतही हीच काळजी. अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या सेंट क्लेअर सरोवरात १९८८ साली झेब्रा शिंपले सापडले, ते जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून आले होते. तिथून पुढे आतल्या तळ्यांपर्यंत त्यांना नेलं ते मुख्यतः हौशी लोकांच्या होड्यांनी. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत, होडीच्या तळाशी साचलेल्या घोटभर पाण्यात ती प्रवास करतात. सोयीची वाट केली की बाहेरच्या होड्याही येणार, म्हणून वाटेच्या डोक्यावर ब्रश ठेवले आणि पाटीवर तीन गोष्टी ठळक लिहिल्या: घासा, पाणी काढा, सुकवा. दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी होडी निदान पाच दिवस कोरडी राहावी असं सांगतात. आमिषाचं उरलेलं पाणी आणि जिवंत आमिष तळ्यात ओतू नये, हेही त्याच पाटीवर आलं. पाटी लांबलचक नको म्हणून एकदोघांची कुरकुर होती, पण हे वाक्य मी सोडलं नाही.

पाटीशेजारी तंगुसासाठी पीव्हीसी पाइपचा वाकडा तुकडा उभा केला. वरचं तोंड खाली वाकवलेलं, म्हणजे पाऊस आणि पक्षी आत जात नाहीत, तळाला फिरकीचं झाकण. फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर असे पाइप ठिकठिकाणी आहेत आणि त्यातला साधा नायलॉन वितळवून पुन्हा वापरला जातो. विणलेला दोर त्यात चालत नाही. तो बारीक कापून कचऱ्यात टाकावा, लांब तसाच टाकला तर कचराकुंडीतूनही पक्ष्यांच्या पायात येतो.

मग होड्या. पहिली होडी कुणाची यावर चर्चाच झाली नाही. खुर्ची खडीवरून हळूहळू उतरली. बारीक खडीत पुढची लहान चाकं थोडी रुतली, तेव्हा दोघांनी फळ्या अंथरल्या. वाटेच्या कडेला खुर्चीच्या बसण्याइतक्या उंचीचा लाकडी कट्टा केला होता. ताई खुर्चीतून कट्ट्यावर, कट्ट्यावरून कयाकमध्ये गेल्या, त्यांच्या पद्धतीने, कुणी उचललं नाही. “सोडा आता,” त्या म्हणाल्या, आणि वल्हं मारून टेकाडाच्या पलीकडे गेल्या. तास झाला तरी परत येईनात. आल्या त्या पलीकडच्या खाडीतल्या दोन बुडालेल्या झाडांची जागा सांगत, तिथे तंगूस भरपूर आहे म्हणून.

त्या मागोमाग बाकीच्या होड्या उतरल्या. कुणालाही पाणकणसातून जावं लागलं नाही. दुपारनंतर एक अनोळखी कुटुंब छोटी होडी घेऊन आलं. आम्ही मुद्दाम काही बोललो नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ नव्या वाटेने होडी नेली.

सोमवार

आवराआवर. कागदांवरच्या नोंदी एकत्र केल्या. वाऱ्याच्या काठावर थर्माकोल आणि बाटल्या, खडकापाशी तंगूस आणि शिसं, गाड्यांच्या जागेपाशी थोटकं, असं चित्र अगदी स्पष्ट निघालं. तळ्याच्या व्यवस्थापनाला ते कागद दिले आणि थोटकांसाठी डबा गाड्यांपाशीच हवा, पाण्याकाठी नको, असं सुचवलं. त्यांनी पिशव्या नेल्या. शिसं आणि गळ धातूवाल्याकडे जातील.

कामं वाटून घेतली. तंगुसाचा पाइप महिन्याला रिकामा करायचा, त्याची जबाबदारी ताईंनी घेतली. बुजवलेल्या घळींवर लावलेली दोरी कंद रुजेपर्यंत काढायची नाही, प्रत्येक मोठ्या पावसानंतर चर साफ करायची. बारीक खडीचा वरचा थर अजून चोपायला हवा, चाकं रुतली ती त्यामुळेच. पाणी ओसरलं की वाटेचं खालचं टोक उघडं पडेल, तेव्हा काका दगड तपासणार आहेत. लाटांनी खालून माती नेली असेल तर वाट आणखी दोन हात खोल न्यायची, त्यासाठीचे दगड टेकाडाआड रचून ठेवलेत.